डाव्या हाताची कड

दुकानदारानं कातड्याचा तुकडा उजेडात धरला, कडेवरून नख फिरवलं, मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "हे डाव्या हाताचं काम आहे. तुम्ही डावखुरे का?"

धाकटा म्हणाला, "हो."

पापणी लवायला लागतो तेवढासुद्धा वेळ या 'हो'ला लागला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शब्द सुटून गेल्यावर मग त्याला दिसलं की पिशवी आपल्या उजव्या हातात आहे. त्यानं ती घाईनं डाव्या हातात घेतली. मग वाटलं, डावखुऱ्या माणसाचा डावा हात मोकळा असायला हवा, म्हणून पुन्हा उजव्या हातात घेतली. दुकानदाराचं तिकडे लक्षच नव्हतं. तो अजून भिंगातून कडच बघत होता, आणि ज्या आदरानं बघत होता तो आदर धाकट्याच्या कानापर्यंत गरम गरम चढत गेला. त्याची लाज कानापासूनच सुरू होते. लहानपणी अक्का म्हणायची, याला खोटं बोलायला लावू नका, याचे कान चहाडी करतात. पण अक्काला कान दिसायला ती समोर असावी लागते, आणि ती समोर असू नये याची तजवीज त्यानं सकाळीच करून ठेवली होती.

धाकटा म्हणण्यासारखं त्याचं आता काही उरलं नव्हतं. वय एक्कावन्न, डोक्यावर मोजून चार केस. पण थोरली बहीण आहे तोवर माणूस धाकटाच राहतो. बाकीचे त्याला मालक म्हणत, म्हणजे कारखान्याचे मालक. आणि कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि काचेचं कपाट, त्यात पाकिटं, पट्टे, कागदपत्रं ठेवायच्या बॅगा. मागच्या खोलीत कापायचं टेबल, शिवायची दोन मशिनं, चिकटवायच्या गोंदाचे डबे, आणि खिडकीपाशी अक्काचं बुटकं स्टूल. कापणं त्याचं, शिवणं त्याचं, गिऱ्हाइकाशी बोलणं त्याचं. कड मात्र अक्काची. कातडं दुमडून शिवायचं तर आधी त्याची कड आतून तासून पातळ करावी लागते, नाहीतर घडी बोटाएवढी जाड होते आणि पाकीट जेवून उठल्यासारखं दिसतं. हे तासणं अक्का रापीनं करी. रापी म्हणजे रुंद पात्याची, बिनटोकाची सुरी. बावीस वर्षं ती खिडकीपाशी बसून रोज कडा तासत आली होती आणि गेल्या काही महिन्यांपासून तिच्या डाव्या हाताचा अंगठा मुळाशी सुजायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रापी बंद. म्हणून कड तासायचं मशीन घ्यायचं ठरलं, आणि ते पसंत करायला धाकटा या दुकानात आला होता. दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, तुमच्या कामाचा एक तुकडा घेऊन या. त्यानं अक्काच्या टोपलीतला वरचा तुकडा उचलला आणि खिशात घातला होता.

त्याची समजूत अशी होती की मशीन पसंत करणं म्हणजे मोटर किती ताकदीची, बिघडलं तर कोण येणार, रंग कुठला, एवढंच. पण मागच्या बाजूनं फडक्याला हात पुसत मिस्त्री आला. साठीचा, खाकी डगल्याच्या खिशात तीन पेचकस. त्यानं एकाशेजारी एक मांडलेली दोन मशिनं दाखवली. दोन्हींत मधोमध घंटेच्या तोंडासारखं गोल पातं फिरत होतं, त्याला खालून सहाण लागलेली, म्हणजे चालता चालताच धार. एकात कातडं फक्त खालच्या रुळानं ओढलं जातं, दुसऱ्यात वरूनही ओढ असते, मऊ कातड्याला ती बरी. मग त्यानं सरळच विचारलं, कातडं कुठलं वापरता आणि कड किती राखता. धाकटा म्हणाला, आपली नेहमीची. मिस्त्री म्हणाला, नेहमीची म्हणजे किती, पार शून्यावर आणता की थोडी ठेवता? धाकटा म्हणाला, थोडी. मिस्त्री थांबला. त्याला आकडा हवा होता. धाकट्याच्या खिशात फोन होता आणि फोनच्या पलीकडे, खिडकीपाशी, आकडा बसलेला होता. एक फोन केला असता तर अक्कानं शेंगा सोलता सोलता सांगितलं असतं. त्यानं फोनला हात लावला नाही. तो छताकडे बघून आठवल्यासारखं करत राहिला. शेवटी मिस्त्रीनंच जाडी मोजायचा चिमटा काढला, तुकड्याची कड त्यात धरली आणि काटा बघितला. पाव मिलिमीटर. दोन बोटं पुढे सरकून पुन्हा धरला. पाव. टोकाला, कोपऱ्याच्या वळणावर, जिथं हात हमखास घसरतो तिथं, पुन्हा पाव. "हातानं," तो दुकानदाराला म्हणाला, आणि दोघांनी मिळून धाकट्याकडे बघितलं. बावीस वर्षं तो जे विकत आला होता त्याचं माप त्याला आज परक्या माणसानं सांगितलं. तो मान डोलावत राहिला, जणू त्यानंच मिस्त्रीची परीक्षा घेतली होती आणि मिस्त्री पास झाला होता.

अक्का चिमट्यानं मोजत नसे. ती ओठानं मोजायची. तासलेली कड खालच्या ओठावरून अलगद फिरवायची, डोळे मिटून, आणि जिथं ओठाला टोचलं तिथं पुन्हा रापी लावायची. बाबांनी तिला तसं शिकवलं होतं, की बोटं रोजच्या कामानं निबर होतात पण ओठ कधी निबर होत नाही. शिकवायची त्यांची इच्छा नव्हती. शिकवायचं होतं धाकट्याला. रापी आधी त्याच्याच हातात आली, सातव्या वर्षी, आणि त्यानं तीन दिवसांत अकरा तुकडे वाया घालवले आणि करंगळी कापून घेतली. अक्का तेव्हा तेरा वर्षांची. ती नुसती शेजारी बसून बघायची. चौथ्या दिवशी बाबा बाहेर गेलेले असताना तिनं रापी उचलली, आणि डाव्या हातात उचलली. रापीच्या पात्याला एकाच बाजूनं उतार असतो आणि तो उजव्या हाताच्या माणसासाठी घासलेला असतो. डाव्या हातात ती कातड्यात शिरते आणि भोक पाडते. तिनं भोकं पाडली. बाबांनी परत येऊन ती भोकं बघितली, धाकट्याला वाटलं आता हिला बसणार, पण बाबा बराच वेळ भोकांची दिशा बघत राहिले आणि मग एक जुनी रापी काढून सहाणेवर उलट्या बाजूनं घासायला बसले. संध्याकाळपर्यंत घासत होते. ती रापी पुढे घरात दुसऱ्या कोणाला चालली नाही. धाकट्यानं चोरून दोनतीनदा प्रयत्न केला, तर ती त्याच्या हातात वेड्यासारखी वागायची. शाळेत मात्र बाईंनी पट्टीनं मारून मारून अक्काला उजव्या हातानं लिहायला लावलं. ती आजही उजव्या हातानं लिहिते, अक्षर सुबक नाही, पण लिहिते. बाबा म्हणायचे, लिहिणं शाळेचं आहे, त्यांना हवं तसं होऊ दे, काम आपलं आहे.

दुकानदारानं चहा मागवला. धाकट्यानं पेला डाव्या हातानं घेतला आणि थोडा बशीत सांडला. दुकानदार म्हणत होता, अशी कड आजकाल बघायला मिळत नाही, गिऱ्हाइकांना कळते का हो ही? हा प्रश्न त्याच्या कानाला ओळखीचा वाटला. जवळजवळ हाच प्रश्न अक्का विचारायची, वर्षातून एखाद्या वेळी, फारसं महत्त्व न देता, रापी पुसता पुसता. "काय रे धाकट्या, कोणी विचारतं का कड कोण करतं?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "गिऱ्हाईक कडेकडे कुठं बघतं अक्का? रंग बघतं, बकल बघतं. चांगली कड म्हणजे जी कोणाच्या लक्षातच येत नाही ती." हे वाक्य त्याला पहिल्यांदा सुचलं तेव्हा चांगलं वाटलं होतं. त्यात कामाचा मान राखल्यासारखं होतं. अक्का हं म्हणून पुढचा तुकडा घ्यायची. आणि पुढच्या खोलीत, काउंटरपाशी, तिला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर, लोक कडेबद्दलच बोलत असायचे. दातांची डॉक्टरीण पाकिटाच्या घडीवरून नख फिरवून म्हणाली होती, माझ्या हातातून इतकी सफाई झाली तर मी स्वतःला धन्य समजेन. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, जो कोणाला कधी चांगलं म्हणत नाही, तो पट्टा मनगटाला बांधून म्हणाला होता, लागलाच नाही. एक मनुष्य वडिलांची बॅग घेऊन आला, नवी हवी होती अशीच. नवी घेऊन गेला आणि आठवड्यानं खास एवढंच सांगायला परत आला की जुनीपेक्षा कड बरी आहे. सुरुवातीला धाकटा फक्त हसायचा. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मग कोणीतरी म्हणालं, तुमचा हात आहे बुवा, आणि त्यानं मान खाली घातली, विनयानं. विनयाइतकी सोयीची चोरी दुसरी नाही. मग काही वर्षांनी तो स्वतःच म्हणायला लागला, आमच्याकडे कड हातानं होते, आणि 'आमच्याकडे' म्हणताना त्याचा स्वतःचा हात काउंटरवर पालथा ठेवलेला असायचा.

"कळते म्हणजे काय," धाकटा आता दुकानदाराला म्हणाला, "गिऱ्हाइकं माझी कड बघूनच येतात." एकदा डोक्यावरून पाणी गेल्यावर हात काय आणि दोन हात काय. पण यावर मिस्त्रीनं मांडीवरचं फडकं बाजूला ठेवलं, टेबलाच्या खणातून एक रापी काढली, बोटानं धार बघितली आणि तिचा दांडा धाकट्यापुढे केला. त्याचं बोलणं अगदी साधं होतं. चाळीस वर्षं मशिनं लावतोय, पण हातानं पाव मिलिमीटर निघताना बघितलं नाही, तेवढं एकदा बघू द्या. रापी उजव्या उताराची होती; पण तुम्हाला चालत नसेल तर दोन मिनिटांत उलटी घासून देतो, असंही तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकट्यानं रापीकडे बघितलं. त्याला सात वर्षांचा असताना कापलेली करंगळी आठवली, नव्हे, त्या करंगळीलाच ते आठवलं, तिच्यावरचा पांढरा व्रण घामेजला. आणि मग त्यानं डावा हात वर केला, अंगठा आत मुडपला, तोंड थोडं वाकडं केलं आणि म्हणाला, "नाही हो जमत आता. मुळाशी दुखतो. सकाळी तर पेला धरवत नाही."

सकाळी पेला धरवत नाही हे अक्काचं वाक्य होतं. गेल्या आठवड्यात तिनं ते मोरीपाशी उभं राहून, पेला दोन्ही तळव्यांत धरून म्हटलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, आपल्याच हाताचं नवल वाटून. तिची कड घेतली ती घेतली. आज तिचं दुखणंही घेतलं. धाकट्याला वाटलं आता तरी जीभ झडावी. पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की मागं फिरायला वाट राहिली नाही. मिस्त्रीनं त्याचा डावा हात हातात घेतला, अंगठ्याचं मूळ चाचपून बघितलं, सूज दिसत नाही आज, म्हणाला. त्याच्या बायकोचाही असाच होता. त्यानं सगळं समजावून सांगितलं: ओलं फडकं पिळायचं नाही, डब्याचं झाकण मनगटानं फिरवायचं, रात्री अंगठ्याला लोकरीची पट्टी सैल गुंडाळायची, आणि मुख्य म्हणजे रापीचा दांडा जाड करून घ्यायचा, कातड्याचे दोन वेढे देऊन, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. हे कोणी सांगत नाही, तो म्हणाला. धाकटा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. दांडा जाड करायचा. बावीस वर्षांत त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याच्या दुकानात कातडंच कातडं होतं आणि अक्काच्या रापीचा दांडा अजून बाबांच्या वेळचा, पेन्सिलीएवढा बारीक होता.

मशीन ठरलं, दुसरं, वरूनही ओढणारं. खरं तर ते मिस्त्रीनंच ठरवलं. आगाऊ नोंदीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पेन आपोआप उजव्या हाताकडे निघालं आणि काउंटरच्या मध्यावर थबकलं. त्यानं ते डाव्या हातात घेतलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, दोन खोल्यांचा मालक, जीभ दातांत धरून आपलं नाव काढत होता आणि ते नाव कागदावर वेडंवाकडं चढत होतं. अंगठ्यामुळे, दुकानदार समजूतदारपणे म्हणाला. मिस्त्री म्हणाला, परवा मी स्वतः येऊन लावून देतो, तुम्ही काही काळजी करू नका. बसमधून परत जाताना धाकट्यानं दांडी डाव्या हातानं धरली होती. बसमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. दोन थांब्यांनंतर हे त्याच्या लक्षात आलं, आणि तरी त्यानं हात बदलला नाही, कारण बदलला असता तर आपण हे का करत होतो याचं स्वतःलाच उत्तर द्यावं लागलं असतं.

अक्का वाट बघत बसली होती. तिला यायचं होतं. सकाळी चप्पल घालून तयार होती, आणि त्यानं सांगितलं होतं की दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अंधारा आहे, तुझे गुडघे. दुकान तळमजल्यावर होतं. आता ती एकामागून एक विचारत होती आणि तिचे प्रश्न हुबेहूब मिस्त्रीचे प्रश्न होते: रूळ वर आहे की खालीच, सहाण आतच आहे का, पाव ठेवता येईल ना. तो उत्तरं देत होता, सगळी मिस्त्रीची. अक्का खूश झाली. म्हणाली, बरंच विचारून आलास की. मग तिनं विचारलं, मशीन उजव्या हाताचं असेल ना? असणारच, सगळी तशीच असतात, बसेल सवय, शाळेत नाही का बसली. धाकटा पाणी प्यायला. त्या दिवशी दुपारी त्यानं कातड्याची एक पट्टी कापली आणि अक्काच्या रापीचा दांडा गुंडाळायला घेतला, पण गुंडाळताना मनात आलं, ती विचारेल हे तुला कोणी सांगितलं. पट्टी तशीच खणात गेली. रापी तर आता बंदच होती. उपाय कळला तोही असा चोरीचा, की घरात आणता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात फोन लावायचं ठरवलं. काय सांगायचं तेही ठरवलं: थोडा गैरसमज झालाय, कड माझी बहीण करते. सोपं वाक्य होतं. त्यानं ते कापायच्या टेबलापाशी दोनदा पुटपुटून बघितलं. फोन लागला नाही, पलीकडे कोणी बोलत होतं, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच पुन्हा लाज वाटली. पाठमोरी अक्का खिडकीपाशी नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून. काम नसलेली अक्का त्यानं कधी बघितली नव्हती. तिच्या पाठीवरून, खांद्यांच्या उतारावरून कळत होतं की तिला आपलं काय करावं हे समजत नाहीये. मशीन येणार, ते धाकटा चालवणार की आपण, हे तिनं विचारलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. आणि त्याला एकाएकी स्पष्ट दिसलं की आपण गप्प राहिलो तर दुकानदाराच्या, मिस्त्रीच्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या हिशेबानं आपल्याच हातची कड आपल्याच मशिनवर गेली असं होईल, आणि अक्का या खोलीत कधी होती याची कुठं खूणसुद्धा राहणार नाही.

मिस्त्री सांगितल्याप्रमाणे आला, सकाळी दहाच्या ठोक्याला, हमालाबरोबर. हमाल मशीन उतरवून गेला. अक्काला त्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे पाठवावं असा धाकट्याचा बेत होता, पण ती म्हणाली, उद्या जाईन, आज मला बघायचंय. मिस्त्री खिडकीपाशी मशीन लावत असताना ती मागं उभी राहिली. पट्टा चढवता चढवता मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं, "अंगठा काय म्हणतोय?" आणि धाकटा आणि अक्का एकदमच म्हणाले, "बरा आहे." मिस्त्रीनं मान वर केली, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पुन्हा पेचकस फिरवायला लागला. अक्का धाकट्याच्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाली, अंगठ्याचंही सांगितलंस होय त्यांना. तिच्या आवाजात संकोच होता, आणि थोडा आनंद.

मग मिस्त्रीनं काय केलं होतं ते दिसायला लागलं. पायपट्टी त्यानं डाव्या पायाशी आणली होती. कड किती पातळ व्हावी हे ठरवायच्या स्क्रूला लांब दांडी लावून ती डाव्या हाताला पोचेल अशी वाकवली होती. टेबलाची फळी डावीकडे हातभर वाढवली होती, दिवाही तिकडेच. हे सगळं त्यानं आपल्या वेळेत, आपल्या हातानं केलं होतं. दुकानदाराला माहीतही नसावं. अक्का पुढे झाली. तिनं डावा हात टेबलावर ठेवला आणि तो जिथं पडला तिथं सगळं होतं. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात घासून दिलेल्या त्या एका रापीनंतर तिच्या हातासाठी कोणी काही बनवलं नव्हतं. ती वळली. तिचे डोळे भरले होते. "तू सांगितलंस यांना?" तिनं विचारलं. "मी अशी आहे म्हणून?"

आणि धाकटा म्हणाला, "हो."

हा दुसरा 'हो' पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण या वेळी तिला त्याचे कान दिसत होते आणि तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. मिस्त्रीनं मशीन मिळाल्याची पावती काढली, पेन पुढे केलं, सही करा मालक. धाकटा पेनाकडे बघत राहिला. मिस्त्रीसमोर उजवा हात काढता येत नव्हता आणि अक्कासमोर डावा. दोन माणसांच्या मध्ये तो असा उभा राहिला की जणू त्याला हातच नव्हते. मग त्याला सुटका सुचली, आणि क्षणभर ती प्रायश्चित्तासारखीही वाटली. तो म्हणाला, अक्का, तू कर सही, काम तुझं आहे. मिस्त्रीला जे कळायचं ते यावरून कळेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. अक्कानं पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि शाळेच्या बाईंनी शिकवलं होतं त्याप्रमाणे, उजव्या हातानं, सावकाश आपलं नाव लिहिलं.

मिस्त्री बघत होता. "बाई उजव्या हातानं लिहितात," तो म्हणाला, "मग मालक, तुम्हीच बसा एकदा. दांडी तुमच्या हाताला बसते का बघतो. तुमच्या कडेची सर मशिनला यायची नाही, पण तुमची गिऱ्हाइकं जी कड बघून येतात त्यांना नावं ठेवायला जागा नको."

अक्का म्हणाली, "कोणाची कड?"

धाकटा बसला नाही. त्याला वाटलं होतं की हे कधीतरी बोलावं लागलं तर आवाज कापेल, पण आवाज साधाच निघाला, भाव सांगावा तसा. "मी डावखुरा नाही," तो मिस्त्रीला म्हणाला. "अंगठा माझा दुखत नाही. कड हिची आहे. पहिल्यापासून हिचीच. मला रापी धरता येत नाही." मिस्त्रीनं फडकं उचललं, स्वच्छच असलेल्या फळीवरून एकदा फिरवलं, आणि पुढच्या खोलीत जाऊन प्लग नीट बसलाय का बघतो असं पुटपुटत निघून गेला. प्लग याच खोलीत होता.

अक्का स्टुलावर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. धाकट्यानं त्यासाठी मान खाली घालून ठेवली होती. तिनं टोपलीतला एक तुकडा घेतला, डावा पाय पट्टीवर ठेवला आणि बराच वेळ दाबला नाही. तिला पावती, अंगठा, डावा हात, कशाचंच काही विचारायचं नव्हतं. तिनं विचारलं ते एवढंच, आणि तेही तुकड्याकडे बघत.

"गिऱ्हाइकं कड बघून येतात?"

"हो," धाकटा म्हणाला. हा तिसरा.

"कोण?"

त्यानं दातांच्या डॉक्टरणीचं सांगितलं. नख कसं फिरवलं ते, आणि ती काय म्हणाली ते. अक्कानं पाय दाबला. पातं फिरलं, रुळानं कातडं ओढलं, कडेची बारीक साल निघून खाली पडायला लागली. तिनं कड ओठावरून फिरवली, दांडी थोडी वळवली, दुसरा तुकडा घेतला. "आणखी?" ती म्हणाली. त्यानं घड्याळवाल्या म्हाताऱ्याचं सांगितलं, लागलाच नाही म्हणाला होता. वडिलांची बॅग घेऊन आलेल्याचं सांगितलं. "आणखी?" शाळेतल्या मुख्याध्यापिका, ज्या पाकीट दिवसभर हातात घेऊन बसायच्या. एक आंधळे गृहस्थ, ज्यांनी कपाटातले सगळे पट्टे एकेक करून हाताळले आणि कड संपते कुठं असं विचारलं. अक्का वर बघत नव्हती. तिचा डावा हात पुढे जात होता, मागे येत होता. धाकट्याला वाटलं होतं आता अडखळायला होईल, बावीस वर्षांचं कोणाला आठवतं. पण त्याला सगळं आठवत होतं. कोण कुठल्या दिवशी आलं, काय घेतलं, काय म्हणालं, एकूण एक तोंडपाठ होतं; एकही शब्द तो विसरला नव्हता.